मुखरूच्या नावाची भेग

कोसमटोल्यात नवा माणूस आला, की मुखरूची ओळख व्हायच्या आधी त्याची मुखरूच्या नावाशी ओळख होते. गोंडपिपरीच्या रस्त्यावर उतरलं की समोर हातपंप, आणि त्याच्या दांड्यावर कोरलेलं 'मुखरू'. पुढे विहाराचं फाटक, त्याच्या कोयंड्यावर 'मुखरू'. पाराजवळ ढोरं बांधायची साखळी आहे. तिच्या एका कडीवर पूर्ण नाव मावलं नाही, म्हणून पहिलीवर 'मु', दुसरीवर 'ख' आणि तिसरीवर 'रू'. धान कापायला बाया बांधीत ओळीनं वाकल्या की त्यांच्या विळ्यांवरही तोच चमकत असतो. शाळेत मुखरू फार दिवस टिकला नव्हता, पण आपल्याला लागणारी अक्षरं तेवढी घेऊन तो बाहेर पडला होता.

"लगन झालं तवा छिन्नी हाताशी नव्हती, म्हनून मी वाचली," असं त्याची बायको रंभा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सांगताना हातातला सराटा, म्हणजे उलथनं, दाखवायची. सराट्यावर नाव असायचंच.

मुखरू जातीनं आणि हातानं लोहार. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं वाळका, ठिणग्या झेलून झेलून एक पापणी अर्धी मिटलेली. त्यामुळे तो सगळ्या जगाकडं जरा संशयानं पाहतो असं वाटायचं, आणि वाटायचं ते खोटंही नव्हतं. एकदा शेजारच्या गावात दुकानाचं कुलूप फुटलं. चोर पळाले आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मागं राहिली. सब्बलीवर नाव होतं. दुकानदार चार माणसं घेऊन तावातावानं मुखरूच्या दारात आला. दुसरा कोणी असता तर नाव आपलं नाहीच म्हणाला असता. मुखरूनं सब्बल घेतली, टोक उजेडाकडं धरलं आणि म्हणाला, "पाहा. कुलूप फुटलं, पन टोक वाकलं का? असा माल देतो मी." दुकानदार आला होता भांडायला, आणि गेला कोयत्याची ऑर्डर देऊन.

नावाखालोखाल मुखरूला आणखी एका गोष्टीचा अभिमान होता. तो तुटलेलं लोखंड वाचायचा. कुऱ्हाड फुटो, वखराची पास मोडो, ट्रॅक्टरचा हूक तुटो, लोक तुकडे घेऊन त्याच्या भट्टीवर यायचे आणि तो निकाल द्यायचा.

"लोखंड दोन तऱ्हेनं जाते," तो सावकाश सांगायचा. "मऊ लोखंड आधी वाकते, लांबते, तुमाले बोलावून सांगते का बावा, मी चाललो. त्याची तुटली जागा पाहा, चावून थुकलेल्या उसावानी दिसते. कडक लोखंड सांगत नाई. टन्न वाजते, आन् आवाज कानी येईस्तोवर काम झालेलं राह्यते."

अशा कडक तुकड्याची तुटलेली जागा साखरेसारखी चमकते. दोन्ही तुकडे जोडले तर असे बसतात, की जणू मोडलंच नव्हतं. त्या चमकेत बारीक रेघा असतात, आणि सगळ्या रेघा एकाच जागेकडं वळलेल्या असतात. रानातल्या ढोरवाटा चहूकडून येऊन डोहाशी मिळतात ना, तशा. मुखरू त्या वाटांनी नखानं मागं मागं जायचा. जिथं सगळ्या एक होतात, तिथं भेग जन्मलेली. मग तो मान वर करून विचारायचा, "इथी दगडावर मारली होती ना?" आणि गिऱ्हाईक खाली पाहायचं. आलापल्लीकडच्या जंगलात, तोडीच्या कूपात काम केलेले लाकूडतोडे थंडीच्या सकाळी कुऱ्हाडीचं पातं आधी शेकोटीवर कोमट करून घेतात, हेही तो ऐकवायचा. "थंडीत लोखंड चिडखोर होते. त्याले आधी समजावून घ्या लागते. तू समजावलं होतं का?"

कोणी समजावलेलं नसायचंच. त्यामुळं चूक दरवेळी गिऱ्हाइकाची निघायची. त्या वाटा कधी मुखरूच्या भट्टीकडं वळल्या नव्हत्या.

श्रावण हा त्याचा लहानपणचा सोबती. विहाराच्या मागं त्याचं घर, थोडी कापसाची जमीन, थोडी धानाची, आणि जीव मात्र सगळा बैलजोडीत. शंकरपटावरची, म्हणजे बैलांच्या शर्यतीवरची, बंदी उठल्यापासून श्रावणाचे पाय जमिनीला लागत नव्हते. पटाचा छकडा म्हणजे गाडीचा नुसता सांगाडा. दोन चाकं, मधे लोखंडी आस, वर हाकणारा धुरकरी कसाबसा उभा राहील एवढी फळी. जितका हलका तितका बरा. सगळा भार त्या आसावर.

"मुखरू, आस असा पायजे का वाकला नाई पायजे," श्रावण म्हणाला.

"माह्या हातचा कधी वाकला?"

"मागच्या साली थोडासा..."

"तो तू वाकवला."

बल्लारपूरच्या भंगारातून मुखरूनं ट्रकचे जुने शाफ्ट आणले. चांगलं, जातिवंत लोखंड. भट्टीत घालून लाल केलं, ठोकून बारीक केलं. आता नाव कुठं घालायचं, हा मोठा प्रश्न. मुखरूनं भरपूर विचार केला. छकडा धावतो तेव्हा धुळीत कोणालाच काही दिसत नाही. पण धाव संपली, बैल सोडले, की छकडे मैदानाच्या कडेला उभे करून टेकवतात, आणि मग पटाला आलेली सगळी माणसं त्यांच्या पोटाकडं पाहत चहा पितात. म्हणजे आसाच्या खालच्या अंगाला नाव पाहिजे. चहा संपेपर्यंत वाचतील.

मागच्या साली नाव हलक्या हातानं घातलं होतं. श्रावणानं हौसेनं निळ्या रंगाचे दोन हात दिले आणि नाव पार बुजलं. ती जखम मुखरूच्या मनात ताजी होती. यंदा त्यानं छिन्नीला केसासारखी धार लावली आणि लोखंड लाल असतानाच अक्षरं खोल घातली. 'म'ची उभी दांडी, 'ख'ची उभी दांडी, सरळ, करकरीत. "आता लाव रंग," तो मनात म्हणाला. मग आस तसाच थंड पाण्यात बुडवला. पाणी पाजल्यावर लोखंड पुन्हा निखाऱ्यावर धरून त्याचं थोडं पाणी उतरवावं लागतं, म्हणजे कडकपणाबरोबर थोडी समजूतही राहते. मुखरूला हे कोणी सांगायची गरज नव्हती. पण श्रावणाचं 'वाकला नाई पायजे' कानात होतं. त्यानं आस निखाऱ्यावर धरला तो पाहुण्याला चहा विचारावा तसा, म्हटलं तर विचारला, म्हटलं तर नाही.

श्रावणाचा आस पाहून प्रफुलनं आपल्या छकड्याला तसाच मागितला. प्रफुल तरुण, तापट, पटावर जोडी जिंकून लग्न जमवायच्या बेतात असलेला. मग आणखी दोघांनी मागितले. मुखरूनं सगळ्यांना तसेच दिले. नावं त्याहून खोल.

पटाच्या आदल्या दिवशी, पौषातल्या कडाक्याच्या सकाळी श्रावणानं सरावाला छकडा काढला. बांधांवर दव पांढरं दिसत होतं. बैल नुसते सुटले आणि एका उंचवट्यावरून छकडा जरा उडून खाली आपटला. टण्ण! शेजारच्या बांधीतल्या बाईला वाटलं, कोणीतरी घंटा वाजवली. श्रावण छकड्यातून कधी पडला ते त्यालाही कळलं नाही. उठला तेव्हा एक चाक आपल्या मनानं नाल्याकडं चाललं होतं आणि बैल दूर उभे राहून मागं पाहत होते. श्रावणाचा खांदा सोलवटला, मनगट सुजलं. त्याहून जास्त सुजला त्याचा राग, आणि तो डोमावर निघाला.

डोमा हा टोल्यातला सुतार. चाकं त्याची, आस जातो त्या मधल्या तुंब्यासकट.

"तुह्या चाकाचा तुंबा घट्ट होता, म्हनून झटका बसला!" श्रावण ओरडला.

"माह्या चाकाले नावं ठेवू नोको, श्रावणभाऊ. चाक तं नाल्यापर्यंत एकटंच पळालं. एवढं हलकं चाक कोन देते?"

"मंग आस काऊन तुटला?"

लोक जमले. एकजण म्हणाला बैलांची चूक, एकजण म्हणाला उंचवट्याची. शेवटी सगळे एकाच गोष्टीवर आले, "मुखरूभाऊले बोलवा." डोमाही म्हणाला, "बोलवा. तो वाचन ते मले मंजूर."

मुखरू आला. मोठ्या कार्यात वरबाप येतो तसा आला, खांद्यावर टॉवेल, अर्धी पापणी आणखी खाली. त्यानं तुकडा उचलला. तुटलेली जागा साखरेसारखी लखलखत होती. त्यानं नख टेकवलं आणि वाटेला लागला.

वाटा छान स्पष्ट होत्या. एवढ्या स्पष्ट वाटा त्यानं क्वचितच पाहिल्या होत्या. वरून निघाल्या होत्या, दोन्ही बाजूंनी वळत खाली येत होत्या. खाली, अगदी खालच्या अंगाला, नखाएवढा काळा डाग होता. बाकी सगळं आजचं, ताजं, आणि हा डाग जुना, पाण्यानंतर निखाऱ्यावर धरला तेव्हा काळा पडलेला. म्हणजे पाण्यात बुडवला त्याच दिवशी इथं बारीक चीर गेली होती आणि ती आजच्या थंडीची, आजच्या आपटण्याची वाट पाहत बसली होती. मुखरूनं तुकडा उलटा केला. काळा डाग ज्या कडेला टेकला होता, तिथं अर्धं अक्षर होतं. 'ख'ची उभी दांडी.

त्यानं तुकडा पुन्हा सुलटा केला. पुन्हा उलटा केला. अक्षर हललं नाही.

"काय निघते?" श्रावणानं विचारलं.

"घरी नेऊन पाहतो," मुखरू म्हणाला.

आजवर त्यानं कधी घरी नेऊन पाहिलं नव्हतं. डोमाचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्यंच चुकलं, असंच ना? भिडेखातर बोलत नाई तू."

मुखरू काही न बोलता तुकडे टॉवेलात गुंडाळून निघाला, आणि त्याच्या न बोलण्याचाच निकाल झाला. जेवणं व्हायच्या आत टोलाभर पसरलं, की डोमाची चाकं कामाची नाहीत. दोघांनी तर घरासमोरची बैलबंडीही दुरुस्तीला त्याच्याकडं न्यायचं रद्द केलं.

घरी अंगणात रंभा गोधडीसाठी जुनं लुगडं फाडत बसली होती. मुखरू खाटेवर बसला. भाकर समोर आली तरी हात पुढं होईना.

"काय झालं? कोनाची चूक निघाली?" रंभानं विचारलं.

"पाहून राह्यलो."

"तुमाले पाहाले एवढा वेळ? बरं नाई का?"

रंभानं लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी ताणला. फाटेना. मग काठाला दातांनी एवढीशी खूण केली, ओढलं, आणि फर्र करून लुगडं सरळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

मुखरू ताठ बसला. "थांब. पुन्हा फाड."

"जेवाले बोलावलं तं लुगडं फाडाले लावून राह्यले!" पण तिनं पुन्हा खूण केली, पुन्हा फर्र.

"मघाशी जोर करूनही फाटलं नाई. आता?"

"आता साऱ्या ओढीले जायाले एक जागा भेटली ना. तुमी लोहार हाये का कोन हाये? पोट्ट्याइले समजते हे."

तिथंच एक जुनं, उंदरानं कुरतडलेलं गोल भोक होतं. त्यानं बोट दाखवलं. "याच्यातून काऊन फाटलं नाई?"

"गोल हाये म्हनून. गोलाले टोक कुठी राह्यते? बारीक चीर पायजे. जेवढी बारीक, तेवढी सोपी." एवढं बोलून ती थांबली, कारण नवऱ्याचा चेहरा तिनं असा कधी पाहिला नव्हता. तिनं टॉवेल उघडला. तुकडा हातात घेऊन फिरवला. "हा तं 'ख' दिसते."

मुखरूनं तुकडा परत घ्यायला हात पुढं केला.

"तुमचाच ना?"

"टोल्यात दुसरा कोन लिहिते?"

रंभाला हसू आलं, पण तिनं ते पदरात घेतलं. मुखरू हळूच म्हणाला, "उद्या पट हाये. आता सांगितलं तं सारे म्हनतीन, मुखरूच्या नावानं आस तुटते. आयुष्यभर नावच तं कमावलं मी. दुसरं काय हाये माह्यापाशी? पट झाल्यावर सांगू. बाकीचे आस नाई तुटाचे कदाचित."

"नका सांगू," रंभा म्हणाली. "प्रफुल पडला तं त्याच्या मायले मी जाऊन सांगतो, डोमाच्या चाकानं पडला म्हनून. तिचा माह्यावर भरोसा हाये."

मुखरूनं भाकर खाल्ली, पण नुसतीच. भाजी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पटाच्या मैदानावर माणूस मावत नव्हता. भोंग्यावर एक जण जोड्यांची नावं गात होता. मुखरू आला तो पिशवीत ग्राइंडर, डिझेलची बाटली आणि खडू घेऊन. सरळ आपला आस घातलेल्या तिन्ही छकड्यांसमोर जाऊन उभा राहिला.

"हे छकडे धावाचे नाई. आधी मी पाहीन."

"काऊन?" प्रफुल पुढं आला. "श्रावणकाकाचा तुटला डोमाच्या चाकानं. माह्यं चाक दुसऱ्याचं हाये."

मुखरूनं पिशवी खाली ठेवली. भट्टीसमोर दिवसभर बोलणाऱ्या माणसाला तेवढे शब्द जड झाले. "चाकानं नाई तुटला. माह्या नावानं तुटला. लोखंड लाल असताना मी नाव खोल घातलं आन् तसंच पाण्यात टाकलं. अक्षराच्या बुडाशी चीर गेली. थंडी आन् झटका भेटला तं तिथूनच पळाली."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे मुखरूभाऊ, तुमचं नाव एवढं वजनदार?" आणि मैदान हसलं.

डोमा गर्दीतून पुढं आला. तो हसत नव्हता. "म्हंजे माह्यं चाक?"

"चाक बरं होतं."

"भाऊ, काल टोलाभर बोंब झाली. जरा मोठ्यानं बोल."

"चाक चांगलं होतं!" मुखरू ओरडला, आणि भोंगेवाल्याला वाटलं आपल्याला निरोप दिला. त्यानं भोंग्यावरून जाहीर केलं, "चाक चांगलं होतं! डोमाभाऊचं चाक चांगलं होतं!" ते नाल्यापलीकडच्या गावापर्यंत ऐकू गेलं असेल. डोमाला तेवढं पुरलं. त्यानं पुढं होऊन पहिला छकडा आडवा धरला.

मुखरूनं आसाच्या खालचा रंग खरवडला, अक्षरांवर डिझेल लावलं, चीर असेल तर तिला प्यायला थोडा वेळ दिला, मग फडक्यानं कोरडं पुसून वर खडू घासला. पहिला आस पांढराच राहिला. दुसराही पांढरा. प्रफुलच्या आसावर खडू घासून मुखरू वाट पाहत बसला. 'ख'च्या दांडीच्या बुडापासून पांढऱ्यावर एक काळी रेघ हळूच उमटली. आतलं डिझेल खडूत चढत होतं. केसाएवढी रेघ, पण अक्षराच्या बाहेर निघालेली.

प्रफुलनं ती पाहिली. मग त्यानं स्वतःच आपल्या बैलांचं जू सोडलं.

बाकीच्या दोन आसांवरची नावं काढायची होती. ग्राइंडरला वीज लागते, आणि मैदानावर वीज एकच, भोंग्याच्या जनरेटरची. ग्राइंडर सुरू झाला की भोंगा बसायचा. त्यामुळं पटाच्या गजबजाटात अधूनमधून एकदम शांतता व्हायची आणि त्या शांततेत हजार माणसांसमोर मुखरू आपलंच नाव घासताना ऐकू यायचा. 'मु' गेला, 'ख' गेला, 'रू' गेला. त्यानं नुसती अक्षरं घासली नाहीत. कुठं टोक राहू नये म्हणून ती जागा काठापासून काठापर्यंत उतरती, गुळगुळीत केली आणि अंगठा फिरवून पाहिली.

"आता गुळगुळीत हाये," तो म्हणाला. "तरी उन्ह वर येऊ द्या. आस हाताले कोमट लागला का मंगच जोडी सोडा. आन् पट झाला का भट्टीवर आना, पानी उतरवून देतो. पहिलेच उतरवाले पायजे होतं."

श्रावण एका हाताला फडकं बांधून सगळं पाहत होता. त्याचा राग केव्हाच निवला होता, पण तो इतक्यात सोडणार नव्हता. त्यानं मागच्या वर्षीचा जुना, थोडा वाकलेला, निळ्या रंगाचा आस बसवून आणला होता आणि हाकायला भाच्याला उभं केलं होतं. त्याची जोडी हरली. चांगली मागं राहिली. आस आणखी थोडा वाकला.

"पाह्य मुखरू," श्रावण त्याच्याशेजारी चहा घेऊन बसत म्हणाला, "वाकला, पन पोट्ट्याले घरी घेऊन आला."

"तूच म्हनला होता, वाकला नाई पायजे."

"मी तं काईही म्हनतो. लोहार तू हाये."

मुखरू कपाकडं पाहत राहिला. आता टोल्यात आपलं नाव कोण घेणार, असं त्याच्या मनात होतं. ते त्यानं श्रावणाजवळ बोलूनही दाखवलं. श्रावण म्हणाला, "घेतीन, घेतीन," आणि त्याच्या डोळ्यांत जे काही होतं ते मुखरूला अजिबात आवडलं नाही.

श्रावणाचंच खरं झालं, आणि व्हायला फार वेळही लागला नाही. आठवडी बाजारात एक माणूस कुऱ्हाड विकत घेत होता. त्यानं पातं उन्हात धरलं, वाकडं करून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "याच्यात मुखरू तं नाई ना?" मग ट्रॅक्टरवाले बोलू लागले. वेल्डिंगच्या शेजारी चीर दिसली की "हुकात मुखरू शिरला". गोंडपिपरीच्या गॅरेजात, नदीपलीकडच्या गावांत, मुखरूला कधी न पाहिलेली माणसंसुद्धा बारीक भेगेला मुखरू म्हणू लागली. छिन्नीनं आयुष्यभर कोरून नाव जितकं लांब गेलं नव्हतं तितकं ते एका सकाळीत गेलं.

पहिले काही दिवस मुखरू रुसून बसला. भट्टीवर कोणी तो शब्द काढला की तो भाता बंद करायचा. रंभा मात्र खुशीत होती. भांड्याला चीर गेली की ती मुद्दाम अंगणातून हाक मारायची, "अवो, तुमी पातेल्यात काऊन शिरले?"

पण मुखरूचा स्वभाव काही मोडला नाही. परवा एक ट्रॅक्टरवाला तुटलेली पिन घेऊन आला. "भाऊ, याच्यात मुखरू होता," म्हणाला. मुखरूनं पिन हातात घेतली. तुटलेली जागा उसाच्या चोथ्यासारखी, पिन वाकलेली, लांबलेली. त्याची अर्धी पापणी वर गेली.

"हा मुखरू नाई," तो कडक आवाजात म्हणाला. "हे साधं वाकून तुटलं हाये. जास्त वजन ओढलं तू. मुखरू असा राह्यत नाई. मुखरू चमकते. त्याच्या वाटा राह्यतात, त्या एका जागी मिळतात. पाह्यलं नसन तं दाखवतो, माह्यापाशी हाये एक."

आणि तो आत जाऊन श्रावणाच्या आसाचा तुकडा घेऊन आला, उजेडाकडं धरला, आणि ट्रॅक्टरवाल्याला सावकाश, काहीही न वगळता, पहिल्या रेघेपासून वाचून दाखवू लागला.